आमचे जावई आणि दवाखान्यातला काटा

लेकीच्या घरात पाऊल टाकलं आणि पहिल्या पाच मिनिटांत मी नातवंडावर बसले.

दचकू नका. खरं नातवंड तेव्हा पोटातच होतं, पाचवा महिना नुकता लागला होता. मी बसले ते वाळूच्या नातवंडावर. प्रवासाने पाय आखडले होते, पिशवी दारातच टाकली, समोर खुर्ची दिसली आणि टेकले. टेकले तर बुडाखाली काहीतरी गच्च लागलं, आणि आमचे जावई स्वयंपाकघरातून हातातला कप तसाच घेऊन किंचाळत धावले, "आई! मान! त्याची मान!"

मी ताडकन उठले. खुर्चीत कापडाचं एक बाहुलं होतं, टॉवेलात गुंडाळलेलं. जावयांनी कप माझ्या हातात कोंबला, बाहुलं उचललं, एका तळव्यावर डोकं, दुसऱ्यावर बूड, आणि खांद्याला लावून पाठीवर थोपटायला लागले. बाहुलं बरोब्बर तीन किलोचं होतं. त्यातलं पाऊण किलो नुसतं डोक्यात भरलं होतं, कारण तान्ह्या मुलाचं डोकंच जड असतं. हे मला न विचारता सांगण्यात आलं.

"पण हे कशासाठी?" मी विचारलं.

"सराव," ते म्हणाले. "रोज अर्धा तास सकाळी, अर्धा तास संध्याकाळी."

लेक पलंगावर लोळून हसत होती. "आई, कालच याने त्याला आंघोळ घातली. वाळू भिजली. रात्रभर पंख्याखाली वाळत होतं पोर."

आमची लेक झाली तेव्हा तिचे वडील पत्ते कुटत बसले होते. डाव संपवून आले, ते तिसऱ्या दिवशी. त्यामुळे बापाने काही तयारी करायची असते हे मला नवीनच होतं. मी कपाळाला हात लावला आणि पदर खोचून स्वयंपाकघरात शिरले.

आता आधी हे जावई काय चीज आहेत ते सांगते. ते वजनकाटे दुरुस्त करतात. बाजाराच्या मागच्या गल्लीत आठ बाय दहाची खोली, भिंतीवर टांगलेली पारडी, टेबलावर पोट उघडून पडलेले काटे, डब्या-डब्यांतून स्प्रिंगा आणि स्क्रू. भाजीवाले, धान्यवाले, खाटीक, पोस्टातले लोक, सगळे आपापले काटे घेऊन तिथे येतात. गल्लीत त्यांना 'ग्रॅम' म्हणतात. किलो म्हणण्याइतकी अंगकाठी नाही म्हणून. पण मनगटं पाहावीत, लोखंड उचलून उचलून दोरखंडासारखी झालीत. आणि हाताचा अंदाज असा की विचारू नका. मला पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा बोलायच्या आधी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "सव्वाचार किलो. आई, एवढं नका उचलत जाऊ." घरी गेल्यावर मी पिशवी मोजून बघितली नाही. हा माणूस बरोबर असणार असा मला तेव्हाच संशय आला होता, आणि सारखी बरोबर असणारी माणसं मला आवडत नाहीत.

मी स्वतः बत्तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक केला. दोनशे पोरी. काड्या होऊन यायच्या आणि गालांवर मांस घेऊन घरी जायच्या. पोरगी अंगाने भरली की नाही हे मला नुसत्या नजरेने कळतं, असा माझा दावा होता. होता म्हणते, कारण आता तो नाही. लेकीला पहिले चार महिने पाणीसुद्धा पचत नव्हतं. वजन बावन्न किलो. म्हणून मी बाडबिस्तरा घेऊन आले होते, तिला चार घास खाऊ घालायला.

जावयांचं बाप व्हायचं काम जोरात चालू होतं. दर शनिवारी ते होणाऱ्या बापांच्या वर्गाला जायचे. वर्ग घेणाऱ्या बाईंनी सगळ्या पुरुषांच्या हातात प्लास्टिकच्या बाहुल्या दिल्या, तर आमच्या ग्रॅमसाहेबांनी बाहुली हातात तोलून सगळ्यांसमोर सांगितलं, "बाई, ही बाराशे ग्रॅमची आहे. एवढ्या हलक्या पोरावर शिकलो तर खरं पोर हातातून पडेल." त्यावरून वर्गात वाद झाला आणि पुढच्या शनिवारी चार बाप आपापल्या घरून पिठाच्या पिशव्या घेऊन आले. जावई लंगोट बदलायला शिकले, दुधाची बाटली उकळायला शिकले. पोटाला तोंड लावून बोलायचे, तेही कसं, तर दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. "नमस्कार. कसं काय? काही अडचण? असली तर सांगा." लेक म्हणायची, "अरे, तो काय काटा टाकून गेलाय का तुझ्याकडे?"

इथवर ठीक होतं. वेडेपणा होता, पण गोड होता. भानगड काट्यांची होती.

मी येण्याआधीच त्यांनी दवाखान्यात एक पराक्रम केला होता. चौथ्या महिन्यात लेकीचं वजन करताना हे पडद्याआड घुसले, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि गुडघे टेकून दवाखान्याचा काटा तपासायला लागले. निकाल दिला, "दीडशे ग्रॅमचा फरक आहे." डॉक्टरीणबाई स्वभावाने कडक. त्या म्हणाल्या, "मी येते का तुमच्या दुकानात गिऱ्हाइकांचं ब्लडप्रेशर बघायला?" आणि त्यांना बाहेर काढलं. तेव्हापासून पडद्याआड पुरुषांना मज्जाव. तशी पाटीच लागली. एका माणसासाठी लागलेली ती पाटी सगळ्या नवऱ्यांना वाचावी लागायची.

मग त्यांनी घरातच काटा आणला. लेकीला जेवणाआधी उभं करायचे, जेवणानंतर उभं करायचे आणि वहीत लिहायचे. मी आले त्याच्या तिसऱ्या दिवशी लेकीने ताटावरून उठून रडायला सुरुवात केली. "मी काय बटाट्याचं पोतं आहे?" म्हणाली. खरंच होतं तिचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जावयांना जेवणाच्या टेबलाशी उभं केलं.

"जावईबापू, शब्द द्या. हा काटा आज घराबाहेर जाईल आणि परत येणार नाही. आणि दवाखान्यातल्या काट्याबद्दल ब्र काढायचा नाही."

"आणि काटा चुकत असला तर?"

"तरी नाही."

"पण आई..."

"बाळाची शपथ घ्या."

लेक म्हणाली, "आई, पुरे ना." पण मी एकदा तोंड उघडलं की मलाच ते बंद करता येत नाही. जावयांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला आणि शपथ घेतली. काटा काखोटीला मारून दुकानात पोचवून आले. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. घरात आपलं चालतं असं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी दवाखान्याची तारीख होती. मी लेकीबरोबर पडद्याआड गेले. दवाखान्यातल्या मावशींनी, म्हणजे तिथे साफसफाई आणि वरकड कामं करणाऱ्या बाईंनी, काट्याखाली जाडजूड नवा गालिचा घातला होता. पोटुशा बायकांना चपला काढून अनवाणी उभं राहावं लागतं, फरशी गार, म्हणून बिचारीने स्वतःच्या घरून आणला होता. लेक काट्यावर चढली. मावशींनी वाचलं, "साडेसत्तावन्न."

साडेसत्तावन्न! बावन्नवरून साडेसत्तावन्न! मी आल्याला आठवडासुद्धा झाला नव्हता, आदल्या दिवसापर्यंत घरचा काटा बावन्नच दाखवत होता, पण तो मी हिशेबातच धरला नाही आणि सगळं श्रेय जागच्या जागी उचललं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान. उलट्या थांबल्या, आता अंगाला लागायला लागलं." मी पडदा सारून बाहेर आले ती विजयी मुद्रेने. जावई पाटीखाली उभे होते. त्यांनी पडद्याच्या फटीतून आत बघितलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"आई, तो गालिचा..."

"शब्द!" मी म्हणाले.

त्यांनी तोंड मिटलं. त्यानंतर तीन महिने त्यांनी त्या काट्याचं नाव काढलं नाही. हे मी आज सांगते आहे, कारण ते सांगायलाच बसले आहे.

ते तीन महिने माझे होते. सकाळी दूध, मग अंडी, मग भाज्यांचं सूप, दुपारी भरपेट जेवण, चार वाजता फळं, संध्याकाळी पुन्हा सूप. लेक म्हणायची, "आई, घशाशी आलंय गं." मी म्हणायची, "गिळ." काटा म्हणायचा साडेअठ्ठावन्न, मग एकोणसाठ, मग आठव्या महिन्याच्या सुरुवातीला साडेएकोणसाठ. जिन्यात भेटेल त्याला मी आकडा सांगायची. वरच्या मजल्यावरची शेजारीण एकदा म्हणाली, "पोट मात्र लहान दिसतं हो." मी तिला म्हटलं, "आमच्यात लहानच दिसतं." आमच्यात म्हणजे कोणात हे तिने विचारलं नाही आणि मलाही सांगता आलं नसतं. तिच्याशी मी आठ दिवस धड बोलले नाही.

एका रविवारी दुपारी आम्ही तिघं फिरून येत होतो. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर लेकीचा पाय मुरगळला. पडली नाही, जावयांनी वरच्या वर धरली. घर तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. जावयांनी इकडे तिकडे बघितलं नाही, तिला सरळ उचललं.

"अरे, पाठ मोडेल तुझी. दोघं आहोत आम्ही," लेक म्हणाली.

पहिला मजला चढेपर्यंत ते हसत होते. दुसऱ्या मजल्यावर हसायचे थांबले. मी मागून येत होते, मला वाटलं दमले. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तर ते दमलेले नव्हतेच. कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. त्यांनी लेकीला पलंगावर ठेवलं, उशी दिली, पायाला थंड पाण्याची पट्टी बांधली, सगळं शांतपणे. मग स्वयंपाकघरात माझ्यामागे आले आणि दार लोटून घेतलं. चेहरा पांढराफटक.

"आई, ती साठ किलोची नाहीये."

"म्हणजे?"

"चोपन्न. फार तर साडेचोपन्न. चौथ्या महिन्यात, बाळाचे ठोके पहिल्यांदा ऐकून आलो तेव्हा मी तिला दुकानात उचलून फिरवली होती. तेव्हा बावन्न होती. हाताला फारसा फरक लागला नाही."

मला काय वाटलं ते खरं सांगते. बाळाची काळजी वाटली नाही. मला माझ्या सुपाचा अपमान वाटला. बत्तीस वर्षं दोनशे पोरी पोसलेल्या बाईला हा माणूस सांगतोय की तुझं जेवण कुठे गेलं ते कळत नाही. मी त्यांना नाही नाही ते बोलले. तुमच्या डोक्यात स्प्रिंग सटकली आहे म्हणाले. डॉक्टर खोटी, काटा खोटा, जग खोटं, एक तुमचं मनगट तेवढं खरं, असंही म्हणाले. ते ऐकून घेत राहिले. मग जिना उतरून गेले आणि तासाभराने दुकानातला काटा खांद्यावर घेऊन आले. शपथ मोडली होती. लेकीला सांगितलं, "पाच सेकंद उभी राहा, एका पायावर राहिलीस तरी चालेल. मला धर."

काटा फरशीवर ठेवला. त्यांनी तिला धरून वर चढवलं आणि मग हात सोडले. चोपन्न.

लेक माझ्याकडे बघायला लागली. मी काय बोलायला हवं होतं? आणि मी काय बोलले? मी म्हणाले, "तुमचाच काटा खोटा आहे."

ज्या माणसाने हयात काटे खरे करण्यात घालवली, त्याला त्याच्याच घरात, त्याच्या बायकोसमोर मी हे म्हणाले. जावयांनी लेकीला पलंगावर बसवलं, पोटावर हात ठेवून बराच वेळ बसून राहिले. ते पोटाशी काही बोलले नाहीत. जेवलेही नाहीत.

सोमवारी सकाळी दवाखाना उघडायच्या वेळी आम्ही तिघं रिक्षातून उतरलो. मी गेले ती भांडायलाच. जावयांच्या दोन्ही हातांत कॅनव्हासच्या दोन पिशव्या, प्रत्येकीत वीस किलोचं लोखंडी वजन, सरकारी शिक्का मारलेलं. बाकावर बायका बसल्या होत्या. जावई पिशव्या सांभाळत, गुडघे वाकवत, अलगद आत आले तशा सगळ्या सरकल्या. एकीने माझ्या कानाशी विचारलं, "यांना जुळं आहे का हो?"

जावई पाटी वाचून सरळ पडद्याआड गेले. आत एक बाई ब्लाउजची बटणं लावत होती, ती ओरडली. मावशी ओरडल्या. डॉक्टरीणबाई आतल्या खोलीतून स्टेथोस्कोप गळ्यात घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही? परत?"

"बाई, हाकलून द्या," जावई म्हणाले, "पण एक मिनिटानंतर द्या."

त्यांनी पहिलं वजन काट्यावर ठेवलं. वीस किलो. काट्याची सुई बावीसवर जाऊन थांबली. दुसरं ठेवलं. चाळीस किलो. सुई चव्वेचाळीसवर. मग त्यांनी वजनं उतरवली, गालिचा गुंडाळून भिंतीशी लावला, काटा फरशीवर ठेवला, सुई शून्यावर आणली आणि परत वजनं चढवली. चाळीस.

"जाड गालिच्यात काट्याचं बूड रुततं," ते म्हणाले. "आतल्या दांड्यांचा मेळ बिघडतो. शंभराला दहा जास्त दाखवतो."

मावशींनी तोंडावर पदर घेतला. "पायांना गार लागू नये म्हणून घातला हो मी," म्हणून रडायलाच लागल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांना गप्प केलं नाही की जावयांना हाकललं नाही. लेकीला काट्यावर उभं केलं. चोपन्न. त्यांनी लेकीचा कागद काढला, एकेका महिन्याच्या आकड्यावर बोट ठेवत खाली आल्या. चार महिन्यांत जेमतेम दोन किलो. ते सगळं दूध, ती अंडी, ते सूप, सगळं देऊन दोन किलो, आणि मी जिन्यात आकडे सांगत फिरत होते.

"पोट जरा लहान वाटत होतं मला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण वजन चढतंय म्हणून मी थांबले. मी थांबायला नको होतं." कडक बाई, पण खरी. लगेच सोनोग्राफीला पाठवलं आणि मावशींना फोनपाशी बसवलं, त्या गालिच्यावर वजन केलेल्या झाडून सगळ्या बायकांना परत बोलवा म्हणून.

सोनोग्राफीत कळलं ते असं. बाळ फारच लहान. वारेतून त्याला पुरेसं पोषण पोचतच नव्हतं, भोवतीचं पाणीही कमी झालेलं. आईने कितीही खाल्लं असतं तरी फार फरक पडला नसता, हे डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम माझ्याकडे बघून सांगितलं. मला त्याने बरं वाटलं नाही. बाळाला आत ठेवण्यात आता जास्त धोका, म्हणाल्या. मोठ्या हॉस्पिटलात आजच न्या. जावयांनी विचारलं, "आणखी आठवडा गेला असता तर?" त्या एवढंच म्हणाल्या, "आज आलात ना."

दुपारी अडीच वाजता लेकीला ऑपरेशनला आत नेलं. जाताना ती जावयांना म्हणाली, "अरे, शर्टाची बटणं वरखाली लावलीयस." त्यातही तिला तेच दिसलं. दार बंद झालं आणि आम्ही दोघं बाकावर बसलो, मधे एका माणसाची जागा सोडून. समोर हिरवी भिंत, पाणी प्यायचा एक नळ, तो टपटपत होता. माफी मागायची माझी रीत नाही. वसतिगृहात भात करपला तर मी म्हणायची, गॅसचा दोष. बत्तीस वर्षं गॅसचाच दोष होता.

"जावईबापू," मी म्हणाले, "चुकलं माझं."

त्यांनी मान हलवली. "आई, मी वजनं काट्यावर ठेवली ना, तेव्हा मनात म्हणत होतो, सुई वीसवरच थांबू दे. माझा हात चुकू दे. तुमचंच खरं निघू दे."

मला रडू आलं. मी चांगली भोकाड पसरून रडले, त्या हिरव्या भिंतीसमोर. त्यांनी मधली जागा ओलांडून माझ्या पाठीवर थोपटायला सुरुवात केली. मी म्हटलं, "जोरात थोपटू नका, ढेकर येईल." ते हसले आणि हसता हसता तेही रडले.

मुलगी झाली. एक किलो सातशे. लेक सुखरूप. पोरगी रडली, पण बारीक, मांजराच्या पिल्लाएवढं. तिला काचेमागच्या खोलीत नेलं, जिथे अशीच एवढीएवढीशी पोरं ठेवतात. पहिले दोन-तीन दिवस जपायला हवेत, ऊब टिकली आणि दूध पचलं तर सुटली, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. नाही तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला एक सिस्टर दारात आली आणि म्हणाली, "बाळाचे वडील कोण?" बाहेर आठ-दहा माणसं बसली होती. सगळ्यांनी माना वळवून इकडे तिकडे बघितलं. आमच्या जावयांनीही बघितलं, कोण बुवा उठतंय म्हणून.

"अहो, उठा!" मी त्यांना ढोसलं. "तुम्हीच!"

"मी?" म्हणाले. चार महिने सराव केलेला माणूस.

आईला अजून उठता येत नाही, बाळाला माणसाच्या अंगाची ऊब हवी, तेव्हा शर्ट काढा आणि हात धुवा, असं सिस्टरने सांगितलं. मी काचेतून बघत होते. त्यांना आरामखुर्चीत बसवलं आणि उघड्या छातीवर पोरीला पालथी ठेवली, वर चादर घातली. डोक्यावर टोपी, बाहेर फक्त एक कान आणि मुठीएवढं गालफड. जावई इतके ताठ बसले होते की श्वास घ्यायलासुद्धा घाबरत होते. सिस्टरने त्यांचे खांदे खाली दाबले. मग हळूहळू सैल झाले. मान वाकवली. त्यांचे ओठ हलताना मला दिसले. बराच वेळ हलत होते.

तासाभराने बाहेर आले. छातीवर टोपीच्या लोकरीचा ठसा उमटला होता. मी विचारलं, "कशी आहे?"

"ऊब धरतेय म्हणाल्या सिस्टर."

"आणि तुम्ही एवढं काय बोलत होतात तिच्याशी?"

ते शर्टाची बटणं लावत होते, परत वरखालीच. "काही नाही. सॉरी म्हणालो तिला."

"सॉरी? कशाबद्दल?"

"गालिचा पहिल्याच दिवशी दिसला होता ना मला. तीन महिने गप्प बसलो."

त्यात टोमणा नव्हता. मी त्यांच्या चेहऱ्यात टोमणा शोधला, देवाशपथ शोधला. टोमणा असता तर मी त्याला उत्तर दिलं असतं, उत्तरं माझ्याकडे कायम तयार असतात. पण त्यांना माझी आठवणसुद्धा नव्हती. तो सगळा दोष आपलाच आहे असं त्यांनी ठरवून टाकलं होतं आणि पोरीला तसं सांगूनही आले होते. त्यांनी गप्प बसावं म्हणून तिचीच शपथ कोणी घातली होती, ते त्यांनी तिला सांगितलं नव्हतं.

तीन रात्री गेल्या. चौथ्या दिवशी सकाळी पोरीने आठ चमचे दूध घेतलं आणि सगळं पोटात ठेवलं. डॉक्टर पहिल्यांदाच हसले. लेकीला चाकाच्या खुर्चीतून आणून पोरगी तिच्या छातीशी दिली, लेकीने पोरीच्या बापाला शिव्या घातल्या की हिचं नाक तुझ्यावर गेलंय, आणि जावई त्यावर इतके खूश झाले की त्यांनी तीन सिस्टरांना ते नाक दाखवलं. मग सिस्टर मला म्हणाली, "आजी, तुम्हाला पण पाच मिनिटं."

मी हात धुतले, दोनदा धुतले. चादरीत गुंडाळलेली पोरगी माझ्या हातांत दिली. मी तिच्या कानाशी तोंड नेलं. कान केवढा, तर माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. त्या कानात मी सगळं सांगून टाकलं. तुझा बाप बोलत होता आणि त्याला गप्प मी बसवलं, म्हणाले. तुझी शपथ मी घ्यायला लावली. सुपाच्या घमेंडीपायी ती धरून बसले. तो तुला सॉरी म्हणाला ते विसर, ते माझं होतं, त्याचं नव्हतं.

कार्टीने एक डोळा किलकिला केला, माझ्याकडे बघितलं, चांगली लांबलचक जांभई दिली आणि झोपून गेली.